टेक्सासच्या माथ्यावर दोघं: साठीनंतर ग्वादालुपे शिखर कसं चढावं

मुलाकडे किंवा मुलीकडे टेक्सासात सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांची एक तक्रार ठरलेली असते. चालायला जागा भरपूर, पण डोंगर कुठे आहे? सगळं पोळपाटासारखं सपाट. डोंगर आहे, फक्त तो राज्याच्या पार पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. ग्वादालुपे शिखर, उंची ८,७५१ फूट म्हणजे २,६६७ मीटर, टेक्सासमधलं सर्वांत उंच ठिकाण. ऑस्टिनहून गाडीने आठेक तास.

आम्ही दोघं तिथे दोनदा गेलो. मी बासष्टची, हे सदुसष्टचे, दोघंही नाशिकचे. पहिल्या खेपेला वरच्या टप्प्यातून परत फिरलो, दुसऱ्या खेपेला माथ्यावर बसून दशम्या खाल्ल्या. गुडघे दोन्ही वेळा तेच होते. फरक पडला तो आदल्या रात्री बसून काय ठरवलं होतं त्याने. म्हणून पुढे सामानाची यादी कमी आणि ठरवाठरवी जास्त आहे.

आधी डोंगराचा हिशेब

हा डोंगर ग्वादालुपे माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथल्या पाइन स्प्रिंग्ज इथून वाट सुरू होते. जाऊन-येऊन ८.४ मैल, म्हणजे साडेतेरा किलोमीटर. चढ ३,००० फुटांचा. राष्ट्रीय उद्यानवाले सहा ते आठ तास सांगतात. साठीपुढच्या जोडप्याने दहा धरावेत, आणि त्यात लाज वाटून घेऊ नये.

कळसूबाई केलेल्यांना ३,००० फूट ऐकून धडकी भरणार नाही. पण कळसूबाईच्या वाटेवर लिंबूसरबत मिळतं, ताक मिळतं, कोणीतरी ‘थोडंच राहिलं काकू’ म्हणून खोटं का होईना सांगतं. इथे पूर्ण वाटेवर पाण्याचा थेंब नाही. आणि सह्याद्रीत घाम अंगावर निथळतो, कपडे चिंब होतात, त्यामुळे शरीरातून पाणी जातंय हे कळतं. हे चिवावा वाळवंट आहे. हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. पाठीवर हात फिरवलात तर कोरडी लागते, आणि तुम्हाला वाटतं आपण मजेत आहोत. आमचा पहिल्या वेळचा घोटाळा इथूनच सुरू झाला.

दगडही वेगळा. आपला कातळ लाव्हाचा, बुटाला पकड देणारा. हा डोंगर चुनखडीचा आहे. सव्वीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्यात स्पंज, शेवाळ वगैरेंनी बांधलेली ही लांबलचक भिंत. वाचायला सुरेख, पण वाटेवर त्याची बारीक खडी होऊन पसरलेली असते आणि उतरताना ती पायाखाली गोट्यांसारखी फिरते.

कधी जायचं

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य. बाकीच्या ऋतूंबद्दल थोडक्यात: उन्हाळ्यात पहिला दीड मैल उघड्या उन्हात भाजून निघतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह वादळं येतात. हिवाळ्यात उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर बर्फ कडक होऊन बसतो. हिवाळा आणि वसंत दोन्हींत वारा. हा वारा मनावर घ्या. ताशी ८० मैलांच्या वर जाणारे झोत या डोंगराला नवे नाहीत. आम्ही पहिल्यांदा मार्चमध्ये गेलो, कारण मुलाला तेव्हा सुट्टी होती. मुलाच्या सुट्टीवरून डोंगराचा महिना ठरवू नका.

जायच्या दोन दिवस आधी ग्वादालुपे डोंगराचा, म्हणजे वरच्या उंचीचा, वाऱ्याचा अंदाज बघा. जवळच्या गावाचा अंदाज उपयोगाचा नाही. माझं मत विचाराल तर ताशी ४० मैलांच्या पुढचे झोत दिसले की आपल्या वयाच्या माणसांनी त्या दिवशी खालच्या दरीतली सपाट वाट धरावी. मॅककिट्रिक कॅनियन त्याच उद्यानात आहे, आणि शरद ऋतूत तिथल्या मेपलची पानं लाल होतात. दिवस वाया जात नाही.

तीन महिने आधी: गुडघे आणि डॉक्टर

सपाट गावात चढाईचा सराव कसा करायचा? आम्ही बहुमजली पार्किंगचा जिना शोधला. आठवड्यातून तीनदा, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन, चाळीस मिनिटं वर-खाली. सुरक्षारक्षकाने एकदा चौकशी केली, नंतर तो हात करायला लागला. ऑस्टिनकरांना बार्टन क्रीकच्या काठी ‘हिल ऑफ लाइफ’ नावाचा एक चढ आहे, तोही बरा. नाशिकला असताना तयारी करणार असाल तर अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी पंधरवड्यातून एकदा.

जिना उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. लोक लिफ्टने खाली येतात आणि मग डोंगरावर मांड्या थरथरतात.

डॉक्टरांना नुसतं ‘ट्रेकला जाऊ का’ असं विचारू नका, ते ‘जपून जा’ म्हणतील. नेमकं विचारा: दहा तास चाल, कोरडी हवा, साडेआठ हजार फुटांवर, माझ्या गोळ्या त्या दिवशी कशा आणि कधी घेऊ? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर इतक्या चालीत साखर एकदम उतरू शकते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, हे ह्यांना मला दोनदा सांगावं लागलं.

भारतातून आलेल्यांनी प्रवासविम्याचा कागद भिंग लावून वाचावा: आधीपासूनच्या आजारावर काय लिहिलंय, आणि डोंगरावरून उचलून आणण्याचा खर्च त्यात बसतो का. चष्म्याचंही बघा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून उतरताना पायाखालचा दगड धूसर दिसतो. मी फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घेतला. या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडलेली खरेदी तीच.

मुक्काम आणि घड्याळाचा घोळ

उद्यानात हॉटेल नाही, तंबूची जागा आहे. जवळची सोयीची गावं दोन: ईशान्येला न्यू मेक्सिकोतलं कार्ल्सबाड आणि दक्षिणेला व्हॅन हॉर्न, दोन्हीकडून तासाभराचा रस्ता. पेट्रोल भरूनच निघा, उद्यानात पंप नाही. आदली रात्र इथेच कुठेतरी काढा. ऑस्टिनहून मध्यरात्री निघून पहाटे थेट चढायला लागणारे तरुण दिसतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

आता खरा सापळा. व्हॅन हॉर्नमध्ये टेक्सासची नेहमीची वेळ असते, पण उद्यान एक तास मागे, माउंटन वेळेवर चालतं. मोबाइल कुठल्या टॉवरला धरतो त्यावर तो कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. पहिल्या खेपेला ह्यांच्या मनगटावर व्हॅन हॉर्नची वेळ होती आणि माझ्या मोबाइलवर उद्यानाची. डोंगराच्या मध्यावर आम्ही ‘तीन वाजले’ आणि ‘दोनच वाजलेत’ यावर भर वाऱ्यात वाद घातला. तर एकच मनगटी घड्याळ, उद्यानाच्या वेळेवर लावलेलं, आणि दुसऱ्याचं घड्याळ खोलीवरच ठेवायचं.

प्रवेशशुल्क माणशी असतं, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. ६२ आणि त्यावरच्या वयाच्यांना सवलतीचा पास मिळतो, पण तो अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांनाच. आपण पाहुणे, आपण पूर्ण पैसे.

आदल्या रात्रीचं टेबल

जेवण झाल्यावर समोरासमोर बसा आणि चार गोष्टी ठरवा. कागदावर लिहा. आम्ही हॉटेलच्या पॅडवर लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. हसण्यावारी झालं ते, पण दुसऱ्या दिवशी त्या सह्यांनीच काम केलं.

पहिली, परतीची वेळ. नोव्हेंबरच्या मध्यात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. साडेसहाला निघालं तर दुपारी बाराला, जिथे असू तिथून, मागे वळायचं. माथा समोर दिसत असला तरी.

दुसरी, एकाने ‘बस’ म्हटलं की दोघं थांबणार आणि कारण विचारायचं नाही. हे वाचायला सोपं आहे. चाळीस वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना कारण विचारल्याशिवाय साधा पंखा बंद करू देत नाही. पण डोंगरावर कारण सांगायला लावलं की माणूस दुखणं लपवतो. हे पहिल्या वेळी गुडघ्याचं बोलले नाहीत ते मी ‘आत्ताच तर बसलो होतो’ म्हणेन या भीतीने.

तिसरी, पुढे कोण. जो हळू चालतो तो पुढे. जो जोरात चालतो तो मागून, आणि मागून टोचायचं नाही. आमच्यात मी हळू. मी पुढे गेल्यापासून दोघांची दमछाक निम्मी झाली, कारण मला गाठायचं नव्हतं आणि ह्यांना थांबून वाट बघायची नव्हती. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. ‘अहो, जरा... ते...’ असं तुटक यायला लागलं की वेग जास्त झाला.

चौथी, कोणाकडे काय. पाणी, खाणं, गोळ्या, शिट्टी आणि डोक्याला बांधायचा दिवा दोघांकडे वेगवेगळा. गाडीच्या दोन किल्ल्या, दोन खिशांत. आमच्याकडे पहिल्या वेळी पाणी सगळं ह्यांच्या पाठीवर आणि खाणं सगळं माझ्याकडे होतं, म्हणजे एक माणूस दहा पावलं पुढे गेला की दुसरा उपाशी नाहीतर तहानलेला.

खोलीवरून मुलाला एक निरोप पाठवा: कुठली वाट, किती वाजता निघणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचं. वाटेत सिग्नलचा भरवसा नाही.

पिशवीत काय

पाणी माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. एवढं वजन अंगावर येतं, पण यात काटछाट नको. पाणी भरायचं ते पाइन स्प्रिंग्जच्या पर्यटक केंद्रावर, त्यानंतर कुठेच नाही.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती कोणी लिहीत नाही. वाटेवर शौचालय नाही, आणि ‘नंतर जायला लागेल’ म्हणून आपण पाणी कमी पितो. एसटीच्या प्रवासापासूनची सवय आहे ती. इथे ती महागात पडते. सुरुवातीच्या ठिकाणी शौचालय आहे, तिथे जाऊन या. पुढे गरज लागली तर वाटेपासून साठ-सत्तर पावलं बाजूला, निवडुंग बघून, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. मार्चमध्ये मी दीड लिटरसुद्धा प्यायले नव्हते. उतरताना डोकं ठणकत होतं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

नुसतं पाणीच पीत राहणंही धोक्याचं आहे. मीठ शरीरातून गेलेलं असतं, वरून साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. म्हणून दर तासाला काहीतरी खारट तोंडात टाका. आमची शिदोरी: दशम्या, लिंबाचं लोणचं, खारे शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम. रक्तदाबामुळे मीठ बंद असेल तर हाच मुद्दा डॉक्टरांना आधी विचारा.

कपडे पूर्ण बाह्यांचे, टोपीला हनुवटीखाली दोरी, आणि वारा अडवणारं जाकीट, खाली कितीही उकडलं तरी. बूट अर्धा नंबर मोठे, आठवडाभर आधी नखं कापलेली. प्रत्येकी दोन काठ्या. काठ्या म्हातारपणाची खूण वाटत असतील तर वाटेवर पंचविशीतल्या पोरांच्या हातातही त्या दिसतील. एक चिमटाही ठेवा, काट्यांसाठी. लेचुगिया नावाचं घायपाताच्या जातीचं झुडूप वाटेच्या कडेला असतं, पानं भाल्याच्या टोकासारखी. घसरलात तर झुडपाला धरायला जाऊ नका, सरळ खाली बसा.

वाट, टप्प्याटप्प्याने

सुरुवातीलाच फाटे आहेत, पाटी वाचून ग्वादालुपे शिखराचा फाटा धरा.

पहिला दीड मैल सगळ्यात वाईट. वळणावर वळण, उंच दगडी पायऱ्या, सावली नाही. इथेच नव्वद टक्के लोकांच्या मनात परतायचा विचार येत असणार, हा आकडा माझ्या मनातला. या टप्प्याला आम्ही दोन तास दिले. दर तिसऱ्या वळणाला उभ्याने दोन मिनिटं, बसायचं नाही, बसलं की गुडघे आखडतात. पहाटेच्या गारव्यात हा टप्पा उरकण्यासाठीच साडेसहाची घाई.

मग एक कड्याला चिकटलेली जागा येते. वाट रुंद आहे, पण एका बाजूला सरळ खोली. समोरून माणसं आली तर आपण डोंगराच्या बाजूला उभं राहायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. वारा असेल तर काठ्या दरीच्या बाजूला टेकवू नका. ह्यांना कानात यंत्र आहे आणि वाऱ्यात ते नुसतं घोंघावतं, म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या होत्या: मूठ म्हणजे थांबा, तळहात म्हणजे डोंगराला चिकटा.

कडा संपला की वाट उत्तरेच्या अंगाला वळते आणि वाळवंटात अचानक झाडी लागते. पाइन, डग्लस फर, पायाखाली सुया, सावली. सुखाचा टप्पा. इथे नीट खा, भूक नसली तरी.

तीनेक मैलांवर समोर माथा दिसतो. तो माथा नव्हे. हे आधी माहीत नसेल तर मन मोडतं, आमचं मोडलं होतं. त्या फसव्या माथ्यामागे वाट सपाट होते, तंबूची जागा लागते, मग थोडं उतरून लाकडी पूल येतो. पुलाच्या पलीकडे शेवटचा मैलभर, पुन्हा उन्हात, दक्षिणेच्या अंगाने. पुलाशी थांबून घड्याळ बघा. बाराला तासापेक्षा कमी उरला असेल तर तिथूनच वळा. पुढचा मैल साठीच्या पायांना तासाभराचाच आहे.

मार्चमध्ये आम्ही नऊ वाजता चढायला लागलो होतो. फसव्या माथ्याशी पोचलो तेव्हा ह्यांची टोपी वाऱ्याने नेली, मग घड्याळाचा तो वाद, आणि दोन वाजता एकमेकांशी न बोलता वळलो. खाली यायला साडेसात झाले. पाणी उताराच्या मध्यावर संपलं, दिवा म्हणजे एका मोबाइलचा. नोव्हेंबरमध्ये पुलाशी सव्वादहा झाले होते आणि वारा नव्हता.

माथ्यावर पोलादाचा तीन बाजूंचा एक सुळका उभा आहे. १८५८ साली या डोंगराच्या पायथ्यावरून घोडागाड्यांची टपाल जायची, तिच्या शताब्दीला अमेरिकन एअरलाइन्सने तो १९५८ मध्ये बसवला. शेजारच्या डब्यात नोंदवही असते. आम्ही मराठीत नावं लिहिली. दक्षिणेला एल कॅपितानचा प्रचंड कडा, खालून राजासारखा दिसणारा, इथून पायाखाली येतो. पश्चिमेला पांढरा पट्टा दिसतो ती मिठाची सपाटी. त्या मिठाच्या मालकीवरून १८७७ मध्ये माणसं मेली, इतिहासात त्याला मिठाचं युद्धच म्हणतात. सव्वाअकराला पोचलो, बाराला उठलो. कठड्याबिठड्याचं नाव नाही, फोटोसाठी मागे सरकणाऱ्या नवऱ्याचा दंड धरून ठेवा.

उतरताना, आणि शरीर बोलायला लागलं तर

चढायला पावणेपाच तास लागले, उतरायला साडेचार. उतार पटकन होतो हा हिशेब तरुणांचा. काठ्या थोड्या लांब करा, पावलं लहान, खडीवर टाच न आपटता पूर्ण तळवा टेकवायचा. उंच पायरीवर आडवं वळून उतरा. घसरलेले बहुतेकजण शेवटच्या दीड मैलात घसरतात, कारण गाडी खाली दिसत असते.

डोकेदुखी, मळमळ, पोटरीत गोळे, चक्कर: सावलीत बसा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी आणि खारट खाणं, अर्धा तास. बरं वाटलं तर खाली, वर नाही. बोलणं अडखळायला लागलं, माणूस असंबद्ध बोलायला किंवा विनाकारण चिडायला लागला तर ते दमणं नव्हे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, ९११ लावा, सिग्नल नसेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याकरवी निरोप पाठवा, तीन शिट्ट्या देत राहा. जोडीदाराचा स्वभाव मुळातच चिडका असेल तर आदल्या रात्री ठरवून ठेवा की दर तासाला त्याला तारीख आणि नातवंडांचे वाढदिवस विचारायचे. ह्यांना एरवीही वाढदिवस आठवत नाहीत, म्हणून आम्ही आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर ठेवला होता.

खाली पोचल्यावर लगेच लांबचा रस्ता धरू नका, दुसरी रात्रही तिथल्याच गावात काढा. संध्याकाळी त्या रस्त्यावर हरणं आडवी येतात आणि क्लच-ब्रेकवरचे पाय आपले राहिलेले नसतात. रात्री खोलीवर आम्ही बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसलो. दुसऱ्या दिवशी जिना उलटा, कठडा धरून उतरावा लागला, खालून मुलगा व्हिडिओ काढत होता.